शर्यतीची सायकल आणि नियमाचा न्याय

गेल्या पावसाळ्यात आमच्या युनियनच्या कचेरीत एक तरुण कामगार येऊन बसला. त्याचे कसलेही गाऱ्हाणे नव्हते. एकचाकी सायकलवरून डोंगरातल्या पायवाटेने धावणाऱ्या स्वारांची शर्यत त्याने मोबाइलवर पाहिली होती आणि तिच्यावरून त्याचा मित्रांशी वाद झाला होता. एकाच शर्यतीत एकाचे चाक मोठे, दुसऱ्याचे लहान. एकाच्या चाकात गिअर, तर दुसऱ्याच्या चाकाला ब्रेकसुद्धा नाही. मग अशा शर्यतीला न्यायाची कसे म्हणायचे? "अण्णा, तुम्ही करार करता, नियमातली मेख तुम्हांला कळते. तुम्हीच सांगा," असे तो म्हणाला.

आम्ही सहज उत्तर दिले, "सर्वांना सारखे यंत्र द्यावे, म्हणजे झाले." त्यावर तो म्हणाला, "सारखे म्हणजे कोणाच्या मापाचे, अण्णा? मी सव्वापाच फूट, तो सहा फूट." आम्ही निरुत्तर झालो. तीस वर्षे आम्ही 'समान नियम' या दोन शब्दांवर सभा गाजवल्या. पण त्यातला 'समान' हा शब्द कोणाच्या मापाने ठरतो, याचा हिशेब कधी नीट मांडला नव्हता. आमचे शाळेतले शिक्षण दहावीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते नगरवाचनालयात, रात्रपाळी नसेल त्या दिवशी. त्याच सवयीने या प्रश्नाच्या मागे लागलो, आणि त्यातून हाती आले ते आज आपल्यापुढे ठेवीत आहोत.

प्रथम या एकचाकीविषयी थोडे सांगितले पाहिजे. तिला एक चाक, एक सीट आणि चाकाच्या आसालाच जोडलेली दोन पायडले. साखळी नाही आणि फ्रीव्हीलही नाही. पायाचा एक फेरा म्हणजे चाकाचा एक फेरा, असा रोकडा व्यवहार. त्यामुळे चाक जेवढे मोठे तेवढे एका फेऱ्यात अंतर जास्त. आंतरराष्ट्रीय एकचाकी महासंघाने धावपट्टीवरच्या शर्यतींसाठी २४ इंची वर्ग ठरवला आहे. त्यात टायरसह चाकाचा व्यास ६१८ मिलिमीटरहून अधिक नसावा आणि पायडलचा दांडा, म्हणजे क्रँक, १२५ मिलिमीटरहून आखूड नसावा, असा नियम आहे. या चाकाच्या एका फेऱ्यात सुमारे १.९४ मीटर अंतर तुटते. सडकेवर वापरतात त्या ३६ इंची चाकाच्या एका फेऱ्यात सुमारे २.८७ मीटर. एक किलोमीटर जायला पहिल्याला ५१५ फेरे, दुसऱ्याला ३४८. हा फरक लहान नाही.

डोंगरात मात्र हे गणित फिरते. मोठे चाक सपाटीवर पळते, पण मुळांच्या नि दगडांच्या वाटेवर ते वळवणे जड जाते. लांब क्रँक चढणीला जोर देते, पण पाय भरभर फिरू देत नाही. या डोंगरी एकचाकीला तिकडचे लोक 'म्युनी' म्हणतात. आमच्या कानाला ते 'मुनी' असेच ऐकू येते, आणि एका चाकावर तोल सांभाळणाऱ्याला ते नाव शोभतेही! तर या मुनींच्या शर्यतीत कोणते साधन चालेल नि कोणते नाही हे कसे ठरवावे, हा प्रश्न. तो नवा वाटतो, पण त्याचे वय शंभराहून अधिक आहे. दुचाकीच्या शर्यतींनी तो फार पूर्वी सोसला आहे, आणि तो इतिहास कामगाराने वाचावा असा आहे.

१९०३ साली फ्रान्समध्ये 'लोतो' नावाच्या क्रीडापत्राने आपला खप वाढवण्यासाठी देशाला वळसा घालणारी सायकलशर्यत सुरू केली. तीच 'तूर द फ्रान्स'. पत्राचे संपादक आंरी देग्रांज हे स्वतः जुने स्वार. १८९३ साली एका तासात सर्वांत अधिक अंतर तोडण्याचा पहिला नोंदलेला विक्रम त्यांच्याच नावावर. मनुष्य कर्तबगार, तितकाच हट्टी. शर्यत म्हणजे माणसाच्या दमाची परीक्षा, यंत्राची नव्हे, हे त्यांचे ब्रीद. ब्रीद ऐकायला उत्तम. पण ते पाळण्यासाठी केलेला प्रत्येक नियम स्वाराच्याच पाठीवर बसत गेला.

त्यातला एक नियम असा की, सायकल मोडली तर स्वाराने ती स्वतःच्या हाताने दुरुस्त करावी. कोणाचीही मदत घेऊ नये. वरकरणी यात काय गैर आहे? सर्वांना एकच नियम. आता १९१३ सालची गोष्ट ऐका. बायोन ते ल्युशाँ हा सव्वातीनशे किलोमीटरचा, पिरेनीज पर्वतातला टप्पा. युजेन क्रिस्तोफ हा विजयाच्या दावेदारांपैकी एक. २,११५ मीटर उंचीची तुर्माले खिंड ओलांडून तो उतरणीला लागला आणि त्याच्या सायकलचा पुढचा फोर्क मोडला. खिंडीतला रस्ता त्या काळी दगडधोंड्यांचा, आजच्या भाषेत डोंगरवाटच. क्रिस्तोफने सायकल खांद्यावर टाकली आणि सुमारे चौदा किलोमीटर पायी उतरून सांत-मारी-द-कांपाँ हे गाव गाठले. तेथे लोहाराची भट्टी होती. लोहाराने मदत केली असती, पण नियमाने हात लावायची बंदी. शर्यतीचे पंच समोर उभे. क्रिस्तोफ तरुणपणी कुलपे करणाऱ्या कारागिराच्या हाताखाली काम शिकलेला. त्याने स्वतः लोखंड तापवले, ऐरणीवर घडवले आणि फोर्क जोडला. या कामात तास गेले. मात्र एका माणसाला दोनच हात. तापलेले लोखंड धरायचे, हातोडा मारायचा आणि भाताही हलवायचा, हे जमणार कसे? भाता एका पोराने हलवला. आणि या 'मदती'बद्दल पंचांनी क्रिस्तोफला दहा मिनिटांचा दंड केला!

पुढे तो दंड तीन मिनिटांवर आणला गेला. स्पर्धेच्या हिशेबात त्या तीन मिनिटांना काहीच अर्थ नव्हता; क्रिस्तोफचे साडेतीन तासांहून अधिक आधीच गेले होते. ती शर्यत फिलिप तीसने जिंकली आणि क्रिस्तोफ सातवा आला. सांत-मारी-द-कांपाँ गावात या प्रसंगाची स्मृतिशिला आहे, आता त्याचा पुतळाही आहे. दंड करणाऱ्यांचा मात्र तेथे पुतळा नाही.

श्रोतेहो, या गोष्टीत लोक क्रिस्तोफची चिकाटी पाहतात, पाहावीच. आम्हांला दिसतो तो भाता. नियम सर्वांना सारखाच होता, पण फोर्क ज्याचा मोडला त्याच्यावरच तो कोसळला. फोर्क घडवला कारखानदाराने, वाट निवडली वर्तमानपत्राने, त्या वाटेवरून पत्राचा खप वाढला. आणि मोडतोडीची जबाबदारी एकट्या स्वाराची. जिन्नस खराब निघाला की पैसे कामगाराच्या पगारातून कापायचे, ही रीत ज्यांनी पाहिली आहे त्यांना हा नियम ओळखीचा वाटेल.

दुसरी गोष्ट १९२४ सालची. नियम असा होता की, टप्प्याच्या सुरुवातीला अंगावर नि सायकलवर जे सामान असेल, ते शेवटपर्यंत बरोबर असले पाहिजे. शेरबूर ते ब्रेस्त या टप्प्यावर स्वार रात्रीच निघाले. थंडी होती म्हणून कोणी दोन बंड्या घातल्या. दिवस वर आल्यावर एक काढून टाकावी म्हटले तर नियम आडवा. आदल्या वर्षीचा विजेता आंरी पेलिसिये याच्या अंगावर बंड्या किती, हे पाहण्यासाठी एका पंचाने त्याची बंडी वर उचलली. पेलिसिये, त्याचा भाऊ फ्रांसिस आणि मॉरिस व्हिल या तिघांनी कुतांस गावी शर्यत सोडली. तेथील एका कॉफीगृहात आल्बेर लोंद्र या पत्रकाराने त्यांना गाठले आणि 'ल पती पारिझियँ' पत्रात त्यांची कैफियत छापली. डोळ्यांत घालायचे कोकेन, हिरड्यांना चोळायचे क्लोरोफॉर्म, उत्तेजक गोळ्या, हे सारे त्यांनी पिशवीतून काढून टेबलावर मांडले. पुढे फ्रांसिसने सांगितले की, आम्ही त्या बातमीदाराला थोडे चढवूनच सांगितले. असेलही. संपाच्या दिवशी कोण मोजून मापून बोलतो? पण मूळ तक्रार खरी होती, आणि ती दोन बंड्यांची नव्हती. स्वाराची बंडी उचलून पाहण्याचा अधिकार नियमाने पंचाला दिला, आणि स्वाराला मात्र कोणी विचारलेच नाही, ही ती तक्रार.

आता गिअरची हकीकत. सांतेत्येन या फ्रेंच गावी पोल द व्हिव्ही नावाचे गृहस्थ होते. 'व्हेलोसियो' या टोपणनावाने ते सायकलवर मासिक चालवीत. विसाव्या शतकाच्या प्रारंभापासून ते कळकळीने सांगत होते की, चढाला एक गिअर नि सपाटीला दुसरा असला, तर सामान्य माणसाला सायकल सुखाची होईल. देग्रांज यांचे मत उलट: गिअर हा वय झालेल्यांसाठी आहे, खऱ्या स्वाराने स्नायूंच्या बळावर चढावे. परिणाम असा झाला की, सहलीला जाणारा कारकून गिअरच्या सायकलवर डोंगर चढत होता. आणि जगातले उत्तम स्वार मात्र घाटाच्या पायथ्याशी उतरत, मागचे चाक काढत, उलटे करून दुसऱ्या बाजूच्या दातेरी चक्रावर साखळी चढवत आणि पुढे जात. घाट उतरताना पुन्हा तेच.

देग्रांज यांच्या बाजूने एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर आम्ही अन्याय करू. कारखानदारांची सत्ता त्यांना खुपत होती. १९३० साली त्यांनी कंपन्यांचे संघ रद्द करून राष्ट्रांचे संघ आणले आणि स्वारांना पत्रातर्फे एकाच पिवळ्या रंगाच्या, कोणत्याही कंपनीचे नाव नसलेल्या सायकली दिल्या. यंत्राची विषमता काढायची तर ते देणाऱ्याने द्यावे, हे त्यात मान्य झाले. भार स्वाराकडून आयोजकाकडे सरकला. आमच्या मते त्यांच्या सर्व नियमांत हा सर्वांत न्यायाचा. पण गिअरवरची बंदी त्यांनी सोडली नाही. १९३६ साली प्रकृतीमुळे ते बाजूला झाले, झाक गोदे यांनी सूत्रे घेतली आणि १९३७ साली साखळी सरकवणारा गिअर शर्यतीत आला. रोजे लापेबी त्यावर जिंकला. स्वारांचा दम कमी झाला, शर्यत सोपी झाली, असे काहीही घडले नाही. घाट तेवढाच उंच राहिला.

येथे आम्हांला आमची स्वतःची एक चूक सांगितली पाहिजे. नव्वदच्या दशकात आम्ही एका कारखान्यात टर्नर होतो. नगावर मजुरी होती. जुन्या लेथवर काम करणाऱ्याला नि नव्या लेथवर करणाऱ्याला नगाचा दर एकच. व्यवस्थापन म्हणे, सर्वांना समान दर, यात अन्याय कोठे आहे? आम्ही त्यावर लढलो, ते योग्यच होते. पण मग संगणकाने चालणारे लेथ येण्याची वार्ता आली आणि आम्ही ठराव केला की, ते यंत्र कारखान्यात येऊ देणार नाही. टाळ्या पडल्या. यंत्र आले नाही; पण काम हळूहळू बाहेरच्या एका शेडमध्ये गेले. तेथे ते यंत्र होते, युनियन नव्हती. आमचे अकरा सोबती दोन वर्षांत घरी बसले. आम्ही मागायला हवे होते ते निराळेच: यंत्र आणा, पण त्यावर शिकण्याची पाळी सर्वांना द्या, आणि दर आमच्याशी बसून ठरवा. देग्रांजसाहेबांची गिअरवरची बंदी वाचताना आम्हांला त्यांचा राग आला नाही. आमचाच ठराव आठवला.

बंदीच्या आणखी दोन हकीकती थोडक्यात सांगतो. १९३३ साली शार्ल मोशे याने बनवलेल्या, आडवे रेलून चालवायच्या सायकलवर फ्रांसिस फोर या दुय्यम दर्जाच्या समजल्या जाणाऱ्या स्वाराने एका तासात ४५.०५५ किलोमीटर अंतर तोडले. ऑस्कर एगचा १९१४ सालचा ४४.२४७ किलोमीटरचा विक्रम मोडला. आंतरराष्ट्रीय सायकल संघाने पुढच्याच वर्षी शर्यतीच्या सायकलची व्याख्या अशी केली की, ती रेलती सायकल बाहेर पडली. नियम कोणाची तरी जागा राखतो, असे आम्ही म्हणतो ते यासाठी. येथे रूढ सायकलीची, आणि तीवर मोठे झालेल्यांची जागा राखली गेली.

दुसरी स्कॉटलंडच्या ग्रेअम ओब्रीची. स्वतःच्या हाताने जोडलेल्या सायकलीत त्याने धुलाईयंत्राचे बेअरिंग घातले, हात छातीखाली मिटून बसायची नवी तऱ्हा काढली आणि जुलै १९९३ मध्ये एका तासात ५१.५९६ किलोमीटर अंतर तोडले. सहाच दिवसांनी क्रिस बोर्डमनने तो आकडा मागे टाकला. पुढच्या एप्रिलमध्ये ओब्रीने पुन्हा उच्चांक केला. ऑगस्ट १९९४ मध्ये पालेर्मोच्या जागतिक स्पर्धेत मात्र त्याची बसण्याची तऱ्हा नियमबाह्य ठरवण्यात आली, आणि तीही शर्यतीच्या तोंडावर. तो तसाच धावला नि बाद झाला. पुढे २००० साली संघाने तासाचा विक्रम जुन्या धाटणीच्या, १९७२ सालच्या एडी मर्क्सच्या सायकलसारख्या यंत्रावरच मोजायचे ठरवले, आणि २०१४ साली तेही बदलून धावपट्टीवर चालणारी आधुनिक सायकल मान्य केली. नियम बदलू नयेत असे आमचे म्हणणे नाही. पण पाळी सुरू झाल्यावर कामाचे माप बदलणारा मालक आणि शर्यत लागल्यावर सायकलचे माप बदलणारा पंच, यांत आम्हांला फरक दिसत नाही.

आता पुन्हा त्या तरुणाच्या एकचाकीकडे वळू. डोंगरी शर्यतीत चाकाचे एकच माप ठरवले, तर काय होईल? धावपट्टी सर्वांना सारखी असते, म्हणून तेथे एक माप चालते. आणि तेथेही लहान मुलांसाठी लहान चाकाचा निराळा वर्ग ठेवावा लागला. डोंगर सारखा नसतो. चढणीला एक साधन बरे, उतरणीला दुसरे, आणि बुटक्याला जे जमते ते उंचाला जमेलच असे नाही. म्हणून डोंगरात आकार मोकळा ठेवण्याकडे कल आहे, आणि सक्ती आहे ती मुख्यतः शिरस्त्राण, गुडघ्यांची ढाल अशा गोष्टींची. स्वाराचे हाड वाचवणारा नियम नि दुकानदाराचा माल वाचवणारा नियम यांत भेद केला पाहिजे, तो येथे केलेला दिसतो.

अडचण उरते ती गिअरच्या हबची. स्वित्झर्लंडच्या फ्लोरियान श्लुम्फ यांनी असा हब केला की, टाचेने कळ दाबली की चाक पायाच्या सुमारे दीडपट फिरू लागते. त्याची किंमत साध्या एकचाकीच्या कितीतरी पट. ज्याच्या खिशात पैसा त्याला दीडपट वेग, ही न्यायाची गोष्ट नव्हे. यावर सोपा उपाय म्हणजे निराळा वर्ग. पण वर्ग किती करायचे? चाकाचा एक, गिअरचा एक, ब्रेकचा एक, असे करीत गेलो तर पन्नास स्वारांत पंचवीस विजेते निघतील आणि शर्यत उरणार नाही. कारखान्यात श्रेण्या वाढवून व्यवस्थापनाने आमची एकजूट कशी फोडली, हे आम्ही पाहिले आहे. वर्ग थोडेच असावेत, आणि जेथे साधनाचा फरक कौशल्याने भरून निघणे अशक्य आहे, तेथेच असावेत. सपाट सडकेवर गिअरचा फरक भरून निघत नाही. तेथे वर्ग निराळा करावा. मुळांच्या, दगडांच्या वाटेवर तो बहुधा निघतो, कारण तेथे त्या वेगाचा उपयोगच होत नाही. तेथे एकत्र धावू द्यावे.

या लहानशा खेळाची एक गोष्ट आम्हांला फार आवडली. त्याचे नियमपुस्तक स्वारांच्याच समित्या चर्चा करून, मत घेऊन वेळोवेळी सुधारतात. खेळात पैसा थोडा, म्हणून कदाचित हे जमले असेल. त्यातही ज्याला परदेशी मेळाव्याला जाणे परवडत नाही, त्याचा आवाज कमी पडत असणार. तरीही क्रिस्तोफला नि पेलिसियेला जे मिळाले नाही, ते येथे मिळते.

तो तरुण गेल्या महिन्यात पुन्हा आला, तेव्हा आम्ही त्याला सांगितले, "यंत्र सारखे असले म्हणजे न्याय झाला, हे आमचे उत्तर चुकले. तू नियमाला तीन प्रश्न विचार. तो शर्यतीच्या आधी सांगितला होता का? त्याचा भार कोणावर पडतो आणि जागा कोणाची राखली जाते? आणि ज्याला तो पाळायचा, त्याला विचारले होते का?" तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "अण्णा, मग आपल्या खात्यातल्या नव्या कामाच्या मापालाही हेच विचारायचे ना?"

त्या मापाची बोलणी येत्या सोमवारी आहेत. बोलणी करणाऱ्यांत या वेळी आम्ही त्यालाही घेतले आहे.